‘मी’पासून ‘आम्ही’पर्यंत : कॅनेडियन अभिमानाच्या एका लोकप्रिय संहितेचे भाषिक परीक्षण

राष्ट्राभिमानाच्या स्वरूपाचा शोध घेणारा अभ्यासक सामान्यतः त्या राष्ट्राचे महाकाव्य, राष्ट्रगीत वा राज्यघटना यांकडे वळतो. कॅनडाच्या बाबतीत मात्र त्याला बिअरच्या एका जाहिरातीकडे वळावे लागते, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याजोगी आहे. माँट्रिऑल येथे १७८६ साली स्थापन झालेल्या मोल्सन या मद्यसंस्थेने २००० साली दूरचित्रवाणीवरून प्रसृत केलेली ही जाहिरात ‘द रँट’ या नावाने ओळखली जाते. चौकटीचा सदरा घातलेला ‘जो’ नावाचा एक तरुण रंगमंचावर येतो, काहीशा संकोचाने बोलू लागतो, हळूहळू त्याचा आवाज चढत जातो आणि अखेरीस आपण कॅनेडियन असल्याचा तो जवळजवळ उद्घोष करतो. जेफ डग्लस या नटाने उभा केलेला हा ‘जो’ अल्पावधीत देशभर परिचित झाला व त्याच्या भाषणाची असंख्य विडंबने निघाली. एवढी लोकप्रियता लाभलेली संहिता, तिचा हेतू व्यापारी असला तरी, समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवता येत नाही.

या भाषणाचे पहिले लक्षण म्हणजे त्यातील नकार होत. आपण लाकूडतोड्या नाही, कातड्यांचा व्यापारी नाही, बर्फाच्या घरात राहत नाही, अशा निषेधांनी त्याचा आरंभ होतो. आपल्याकडील वाचकास येथे ‘नेति नेति’चे स्मरण होईल, परंतु हे साम्य वरवरचे आहे. उपनिषदांतील नकार वर्णनातीत तत्त्वाकडे नेतो. ‘जो’चा नकार एका अनुपस्थित श्रोत्याला दिलेले उत्तर आहे. शास्त्रीय परिभाषेत बोलावयाचे तर संपूर्ण भाषण उत्तरपक्ष आहे आणि त्याचा पूर्वपक्षी, म्हणजे कॅनडाविषयी अज्ञ असलेला अमेरिकन, रंगमंचावर कोठेच नाही. पूर्वपक्ष काढून घेतला तर यातील बहुतेक वाक्यांना प्रयोजनच उरत नाही. बहुसंख्य प्रजा अमेरिकेच्या सीमेलगतच्या पट्ट्यात राहते आणि शेजाऱ्याचीच चित्रे, गाणी व मालिका पाहत-ऐकत वाढते, अशा देशात आत्मवर्णनाने उत्तराचे रूप घ्यावे, हे स्वाभाविक होय. १९७० च्या दशकाच्या आरंभी पीटर झॉस्की यांच्या नभोवाणी कार्यक्रमात ‘ॲपल पायइतके अमेरिकन’ या इंग्रजी उपमेचे कॅनेडियन प्रतिरूप श्रोत्यांकडून मागविण्यात आले होते. विजयी ठरलेल्या उत्तराचा आशय ‘परिस्थितीत शक्य तितके कॅनेडियन’ असा होता. तेथे उपमानाची जागा रिकामीच राहिली, आणि त्या रिकामेपणाचाच लोकांनी आनंदाने स्वीकार केला.

नकारांच्या पाठोपाठ येणारे विधायक पुरावे बरेचसे भाषिक आहेत. येथे भाषाशास्त्राची साक्ष काढणे अगत्याचे ठरते. ‘जो’ने पुढे केलेल्या शब्दांपैकी तीन येथे पाहू. ‘अबाउट’ हा शब्द आपण ‘अबूट’ असा उच्चारीत नाही, असे तो प्रथम बजावतो. हा नकार खरा आहे. परंतु त्यामागील वस्तुस्थिती त्याहून सूक्ष्म आहे. कॅनेडियन इंग्रजीत अघोष व्यंजनापूर्वी येणाऱ्या संयुक्त स्वराचा आरंभ जिभेच्या उंच स्थानापासून होतो. त्यामुळे ‘हाउस’ या नामातील स्वर आणि त्याच शब्दाच्या ‘हाउझ’ या क्रियारूपातील स्वर यांत तेथे अंतर पडते. जे. के. चेंबर्स यांनी १९७३ साली या विशेषास ‘कॅनेडियन रेझिंग’ हे नाव दिले. उत्तर अमेरिकेच्या अन्य काही भागांतही तो आढळतो. तथापि अमेरिकन कानाला खटकतो तो मुख्यतः कॅनेडियनाच्या तोंडी. म्हणजे ‘जो’ जे अमान्य करतो त्याच्या तळाशीच त्याच्या बोलीचा एक खराखुरा विशेष आहे, आणि त्याचे त्याला भान नाही.

दुसरा शब्द ‘चेस्टरफील्ड’. बैठकीच्या खोलीतील गादीच्या लांब आसनास कॅनडात या नावाने ओळखतात, असे ‘जो’ सांगतो. चेंबर्स यांनीच १९९० च्या दशकात दक्षिण ओंटारिओच्या दाट वस्तीच्या प्रदेशात केलेल्या पाहणीत या शब्दाची निराळी कहाणी दिसली. वृद्धांच्या तोंडी तो रुळलेला होता. तरुणांनी मात्र त्याच्या जागी ‘काउच’ हा सीमेपलीकडील शब्द स्वीकारला होता. तेव्हा २००० साली एक तरुण जो शब्द आपले भूषण म्हणून मिरवितो, तो त्याच्या पिढीच्या घरांतून निघून चालला होता. वापरातून गेलेले शब्द अस्मितेच्या देव्हाऱ्यात बसतात, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

येथवरच्या पुराव्यावरून लोकप्रिय राष्ट्राभिमान म्हणजे केवळ आत्मवंचना, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु तिसरा शब्द त्यास आडवा येतो. इंग्रजी वर्णमालेच्या अंत्याक्षरास अमेरिकन ‘झी’ म्हणतो, कॅनेडियन ‘झेड’. टोरांटोतील अनेक मुले अमेरिकन कार्यक्रमांतून व वर्णमालेच्या गाण्यातून प्रथम ‘झी’ शिकतात आणि मोठेपणी ‘झेड’कडे वळतात, हेही चेंबर्स यांच्याच अभ्यासातून पुढे आले आहे. हा शब्द वारशाने टिकत नाही. प्रत्येक पिढी तो नव्याने पत्करते. ‘अबाउट’मधील स्वर अजाणता उमटतो, ‘चेस्टरफील्ड’ केवळ आठवणीत उरतो, ‘झेड’ मात्र जाणून निवडला जातो. दैनंदिन अस्मितेचा जो भाग खऱ्या अर्थाने जिवंत म्हणता येईल, तो हा तिसरा होय. या जाहिरातीने हे तिन्ही शब्द एकाच पंक्तीस बसविले, हा तिचा दोष. आणि अशी निवड शक्य आहे याचे भान सामान्य श्रोत्यास दिले, हा तिचा गुण.

परंतु निवड करणारा हा ‘मी’ कोण, हा प्रश्न शिल्लक राहतो. ‘जो’ इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांवर हक्क सांगतो. प्रत्यक्षात येथे पाहिलेले तिन्ही शब्द इंग्रजीचे आहेत. क्वेबेक वेगळा व्हावा की नाही यावर ३० ऑक्टोबर १९९५ रोजी झालेल्या सार्वमतात विभक्तीचा पक्ष अवघ्या एका टक्क्याहून थोड्या अधिक फरकाने हरला, त्याला तेव्हा पाचच वर्षे लोटली होती. आपला देश आत्मसातीकरण मानीत नाही, विविधता मानतो, असेही ‘जो’ अभिमानाने सांगतो. आदिवासी मुलांना घरापासून तोडून त्यांच्या मातृभाषा विसरावयास लावणाऱ्या निवासी शाळांपैकी शेवटच्या शाळा १९९० च्या दशकातच बंद झाल्या होत्या. सत्य व समेट आयोगाने २०१५ साली त्या धोरणास सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. खुद्द ‘कॅनडा’ हे नाव इरोक्वाई कुळातील भाषेच्या ‘गाव’ अशा अर्थाच्या शब्दापासून आलेले आहे. या पार्श्वभूमीवर ‘जो’चे ते वाक्य वर्णन राहत नाही, आकांक्षा ठरते.

या संहितेचा उत्तरार्धही लक्षणीय आहे. मोल्सन २००५ साली अमेरिकेतील कूर्स या संस्थेत विलीन झाली आणि अभिमानाचा हा आद्य प्रायोजक निर्भेळ कॅनेडियन उरला नाही. पुढे अमेरिकन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प कॅनडाला एक्कावन्नावे राज्य करण्याची भाषा करू लागले व त्यांनी आयातकरांचा बडगा उगारला, तेव्हा मार्च २०२५ मध्ये त्याच डग्लस यांनी ‘वुई आर कॅनेडियन’ ही चित्रफीत प्रसृत केली. पूर्वपक्षी आता अज्ञ राहिला नव्हता, आक्रमक झाला होता. आणि उत्तर देणाऱ्याचे सर्वनाम एकवचनी राहिले नव्हते.

मराठी वाचकास येथे एक अडचण जाणवेल. ‘वुई’ या सर्वनामाचे भाषांतर ‘आम्ही’ करावे की ‘आपण’? शेजाऱ्यास उद्देशून ते निःसंशय ‘आम्ही’ आहे. त्यात श्रोत्याला जागा नाही. पण तेच वाक्य क्वेबेकमधील फ्रेंचभाषक वा क्री समाजातील मनुष्य ऐकतो, तेव्हा ते ‘आपण’ होते काय? इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही राजभाषांच्या सर्वनामांत हा भेद नाही, म्हणून तो प्रश्न त्यांत झाकला जातो. क्री व ओजिब्वे या त्या भूमीच्या मूळ भाषांत मात्र श्रोत्यास सामावणारे व वगळणारे अशी दोन अनेकवचने मराठीप्रमाणेच वेगळी आहेत. ज्या भाषा शाळांतून मिटविण्याचा यत्न झाला, त्यांच्याच व्याकरणात कॅनेडियन अस्मितेचा खरा प्रश्न नेमकेपणाने विचारता येतो. सीमेपलीकडे तोंड करून ‘आम्ही’ म्हणणे लोकप्रिय संस्कृतीला साधले आहे. घरात वळून ‘आपण’ म्हणणे तिला कितपत साधते, यावरच तिच्या अभिमानाचे मोल ठरेल.