व्यासपीठावरचं अस्वल

जून २०२५ मध्ये मारुती चितमपल्ली गेले. त्यानंतर काही आठवड्यांनी घाटकोपरच्या एका वाचनालयानं मला त्यांच्यावर बोलायला बोलावलं. मी कुठल्या विद्यापीठाचा माणूस नाही. नोकरी सांभाळून पंचवीस-तीस वर्षं मराठीतलं रानावनाचं लेखन वाचत आलो, टिपणं काढत आलो, एवढाच माझा अधिकार. व्याख्यान बरं झालं. मध्येच श्रोते पेंगायला लागले, तेव्हा मी नेहमीचा उपाय केला आणि अस्वल आणलं. वारुळात तोंड खुपसून ते वाळवी कशी ओढतं, त्याचा आवाज तोंडानं काढून दाखवला. सभागृह हसलं.

कार्यक्रमानंतर खुर्च्या आवरणारा माणूस जवळ आला. साकोलीकडचा निघाला. म्हणाला, "सर, तुम्ही सांगता चांगलं. पण आमच्याकडे अस्वलाचं नाव काढलं तर कोणी हसत नाही. माझ्या मामाचा अर्धा चेहरा त्यानंच नेला. मोहफुलं वेचायला गेले होते." एवढं बोलून तो पुन्हा कामाला लागला. हा लेख त्या दोन वाक्यांमुळे लिहितो आहे.

आधी मराठी मनातलं अस्वल पाहू. माझ्या पिढीनं ते पहिल्यांदा पाहिलं दरवेशाच्या दोरीला. नाकात वेसण, गळ्यात ताईत, आणि केस विकत घेणाऱ्या आया. कायद्यानं हा खेळ हळूहळू बंद झाला. दुसरं अस्वल कथाकीर्तनातला जांबवंत. तिसरं शाळेच्या पुस्तकातलं, मेल्याचं सोंग घेतलेल्या मित्राच्या कानात कुजबुजणारं. चौथं किपलिंगचं, दूरदर्शनवर रविवारी सकाळी घरोघरी पोचलेलं बालू. या चौघांत एक साम्य आहे. त्यांना पोट नाही. ती काय खातात, कुठून मिळवतात, त्यासाठी कुणाशी झगडतात, हे प्रश्न तिथं उद्भवत नाहीत. बालूचा मध काय तो अपवाद.

शास्त्रज्ञांचीही फसगत झाली होती. लांब नख्या आणि वरच्या जबड्यात समोरचे दोन दात नाहीत, हे पाहून जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं १७९१ मध्ये आपल्या अस्वलाला दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथच्या गटात टाकलं. चूक पुढे दुरुस्त झाली, इंग्रजी नावात मात्र ती आजही टिकून आहे. दातांची ती फट आहे ती वाळवी आणि मुंग्या ओढून घेण्यासाठी. बाकी आहार म्हणजे मध, उंबर, जांभळं, बोरं, टेंभरं, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुलं.

ही यादी विदर्भातल्या कुठल्याही रानकाठच्या गावात वाचून दाखवा. लोक म्हणतील, ही तर आमचीच यादी. वाघ जे खातो ते माणूस जंगलात गोळा करत नाही. अस्वल जे खातं ते बरंचसं माणूसही टोपलीत भरतो. मोहाचं फूल रात्री गळतं, पहाटे वेचायचं असतं. बाई टोपली घेऊन निघते त्याच वेळी अस्वलही त्याच झाडाखाली असतं. त्याची नजर अधू, आणि खाण्यात गढलं की भान कमी. अचानक समोर माणूस आला तर पळण्याऐवजी ते अंगावर येतं, आणि वार बहुतेकदा डोक्यावर, तोंडावर होतो. यात कुणी दुष्ट नाही. दोघांचं पोट एकाच झाडावर आहे, इतकंच.

आता व्याख्यानाकडे येतो. वन्यजीवांवरचं जाहीर व्याख्यान हा आपल्याकडे रुजलेला प्रकार आहे. मुलुंड-बोरिवलीपासून पार्ल्यापर्यंत त्याला हक्काचा श्रोता आहे. या प्रकाराला सर्वांत मोठं व्यासपीठ मिळालं ते २००६ मध्ये, सोलापूरच्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात. आयुष्य वनखात्यात काढलेला, १९९० मध्ये मेळघाटातून निवृत्त झालेला अधिकारी संमेलनाध्यक्ष झाला. जंगल हा साहित्याचा मुख्य विषय होऊ शकतो, याला मराठीनं दिलेली ती मान्यता होती. माझ्यासारख्या अनेकांना तिनं बळ दिलं, हे आधी कबूल करतो.

पण चितमपल्लींच्या पुस्तकांत आणि त्यांच्यावरून बोलणाऱ्या आम्हा वक्त्यांत एक फरक पडत गेला आहे. त्यांच्या लेखनात ज्ञान कुणाकडून आलं याचा पत्ता असतो. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार, तळ्यावरचे ढीवर, गोंड, माडिया, कोरकू ही माणसं तिथं गुरुस्थानी आहेत. 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले. त्यांच्या कोशांमागेही रानातल्या माणसांच्या बोलीचा मोठा साठा आहे. कधी लोकसमजूत आणि निरीक्षण यांची सीमारेषा त्यांच्याकडे पुसट होते, हा आक्षेप खरा आहे. तरी त्या पुसटपणातही सांगणारा माणूस नाहीसा होत नाही.

शेजारी व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' ठेवून पाहा. शहरातला लेखक जंगलात जाऊन राहतो आणि पाहतो. नजर त्याची, एकांतही त्याचा. 'सत्तांतर'मध्ये तर वानरांच्या टोळ्यांतला संघर्षच कथा होतो. ही वाट वेगळी आहे आणि तिच्या जागी ती अस्सल आहे. आम्ही वक्ते मात्र एक सोपी मिसळ करतो. चितमपल्लींकडून किस्से उचलतो, माडगूळकरांकडून एकांत उचलतो, आणि सांगणारा गोंड किंवा ढीवर वाटेत गाळतो. मग उरतं ते निर्मनुष्य, सुंदर जंगल आणि त्यात एक गमतीदार अस्वल. अशा जंगलाचं रक्षण करायला टाळ्या लगेच मिळतात. श्रोत्याला काहीच सोडावं लागत नाही.

याचा परिणाम काय होतो ते उपनगरानं जवळून पाहिलं आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथल्या झोपड्या हटवायला सुरुवात झाली, पात्र कुटुंबांसाठी चांदिवलीला इमारती उभ्या राहिल्या. उद्यान वाचायला हवं होतं, यात शंका नाही. पण त्या काळात जंगल वाचवण्याच्या बाजूनं बोलताना आतल्या पाड्यांवरचे वारली आणि कालपरवा आलेला झोपडीवाला यांत आम्ही फरक केला नाही. तेव्हाचं माझं एक टिपण आहे. त्यात दोघांनाही मी एकच शब्द वापरला आहे, 'अतिक्रमण'.

बिबट्याच्या बाबतीत आपण पुढे शहाणे झालो. २००४ मध्ये उद्यानाभोवती हल्ल्यांनी थरकाप उडवला. जुन्नर परिसरातल्या विद्या अत्रेय यांच्या अभ्यासानं दाखवलं, की पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांमुळे प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो. २०११ पासून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या उपक्रमात वनखातं, अभ्यासक आणि नागरिक एकत्र आले, कचरा, कुत्री, उजेड, मुलांची ये-जा यांवर बोलू लागले. बिबट्यावरची भाषणं बदलली, कारण ज्यांच्या दारात तो येतो ती माणसं भाषणात आली.

अस्वलाला हा मान अजून मिळालेला नाही. ते मुंबईत नाही, त्याच्या जखमा इथल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येत नाहीत. ते कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे संरक्षण वाघाइतकंच. पण मोह वेचणाऱ्या बाईचा हक्कही त्याच जंगलावर आहे; तो मान्य करणारा वनहक्क कायदा संसदेत मंजूर झाला डिसेंबर २००६ मध्ये, सोलापूरच्या संमेलनाच्याच वर्षी. अस्वलही हवं आणि तिचा चेहराही शाबूत हवा, असं म्हणणारं व्याख्यान कठीण आहे. त्यात वेचणीच्या वेळा येतील, जोडीनं जाणं, आवाज करत जाणं येईल, जखमीला मिळणारी भरपाई आणि दूरचा दवाखाना येईल. हशा कमी होईल. पण चितमपल्लींचा वारसा सांगायचा तर तो असाच सांगावा लागेल, कारण त्यांच्या पुस्तकांत माणूस आणि रान यांची ताटातूट नाही.

साकोलीच्या त्या माणसाचा नंबर मी घेतला आहे. पुढचं व्याख्यान मुलुंडला आहे. वारुळाचा आवाज काढणार नाही असं ठरवलं आहे. त्याला विचारलंय, मामांची गोष्ट मी सांगू का, की तूच येऊन सांगतोस? त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.