तुसाची राख, चांदीचे कण आणि आपल्या विहिरीचे पाणी

मोठ्या कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेतून एखादी नवी वस्तू बाहेर आली, की तिचे स्वागत बहुधा दोन प्रकारे होते. काही जण टाळ्या वाजवतात, तर काही जण 'शेवटी धंदाच' म्हणून मान फिरवतात. दोन्हींत वस्तू तपासण्याचे कष्ट वाचतात. विज्ञान शिकवणाऱ्याला मात्र तसे करून चालत नाही. म्हणून महाराष्ट्रातच घडलेले एक उदाहरण येथे जरा बारकाईने पाहू.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ साली पुण्यात 'टाटा संशोधन, विकास आणि अभिकल्प केंद्र' सुरू केले. संगणक-आज्ञावलींबरोबरच पदार्थविज्ञानाचेही काम करणाऱ्या या केंद्रात १९८०च्या दशकात धानाच्या तुसाच्या राखेपासून पाणी गाळण्याची एक सोपी रीत तयार झाली. राख, सिमेंट आणि बारीक गोटे एकत्र करून गाळणथर बनवायचा, त्यावर पाणी ओतायचे आणि खाली झिरपलेले पाणी घ्यायचे. तिचे नाव 'सुजल'. पुढे राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवण्यात आले आणि डिसेंबर २००९ मध्ये टाटा केमिकल्सने 'टाटा स्वच्छ' हा जलशुद्धक बाजारात आणला. त्या वेळी त्याच्या दोन नमुन्यांच्या किमती ७४९ आणि ९९९ रुपये होत्या.

राखच का निवडली? शंभर किलो धान भरडले, की सुमारे वीस किलो तूस निघतो आणि तो जाळला की सुमारे चार किलो राख उरते. या राखेत बहुतांश सिलिका असते. तूस बेताच्या तापमानाला जाळला, तर ही सिलिका स्फटिकरूप होत नाही. ती सच्छिद्र राहते. तापमान फार वाढले, तर स्फटिक बनतात आणि सच्छिद्रता कमी होते. सच्छिद्र राखेत गढूळपणाचे कण अडकतात आणि तिच्यात उरलेला कार्बन रंग व वास काही प्रमाणात शोषून घेतो. भट्टीतली साधी राख आणि गाळणाची राख यांत फरक पडतो तो असा.

चांदीचे काम वेगळे. तिचे आयन जिवाणूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी जोडले जातात आणि विकरांचे कार्य बंद पाडतात. कण सूक्ष्म असण्याचा फायदा विद्यार्थी गणिताने शोधू शकतील. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच दहा नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ दहा लाख पटींनी वाढून सहाशे चौरस मीटर होते. चांदी तेवढीच, काम करणारा पृष्ठभाग मात्र प्रचंड.

या प्रकल्पाचे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवे. वीज नाही, नळाचा दाब नाही, अशा घरातही तो चालतो. त्याच्या गाळणनळकांड्यातून तीन हजार लिटर पाणी गेले, की प्रवाह आपोआप बंद होतो. निकामी झालेले गाळण वापरत राहण्याचा धोका त्यामुळे टळतो. सुरुवातीला नळकांड्याची किंमत २९९ रुपये होती, म्हणजे लिटरला सुमारे दहा पैसे. टाकाऊ तुसाचा उपयोग झाला, तो वेगळाच.

आता दुसरी बाजू. वर्धा जिल्ह्यातील जाम येथे नागपूरकडून येणारा रस्ता दुभंगतो. एक फाटा हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. चंद्रपूरच्या वाटेने पुढे गेले, की कापसाचा मुलूख मागे पडतो आणि धानाचा लागतो. म्हणजे राखेचा कच्चा माल तेथेच. पण त्याच चंद्रपूर जिल्ह्यात काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. तेथील जुन्या खडकांतून ते पाण्यात उतरते आणि दात व हाडे बिघडवते. विदर्भात अनेक ठिकाणी नायट्रेटही मर्यादेबाहेर सापडते. खते, शेणखताचे उकिरडे आणि शौचखड्ड्यांतून ते झिरपते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा आणि फ्लोराइड फार तर १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये.

हे दोन्ही पदार्थ पाण्यात विरघळलेले असतात. राखेत ते अडकत नाहीत आणि चांदीला मारण्याजोगे त्यांच्यात काही जिवंत नसते. पाणी नितळ दिसते, वास येत नाही, चवही ठीक लागते आणि दोष तसाच राहतो. येथे यंत्र खोटे ठरत नाही, कारण जिवाणूंचे काम त्याने केलेले असते. 'शुद्ध पाणी' या दोन शब्दांत आपण जे सगळे कोंबतो, ते खोटे ठरते. प्रयोगशाळेने आपला प्रश्न चोख सोडवला. आपल्या विहिरीचा प्रश्न तोच आहे का, हे विचारणे आपले काम होते.

आणखी एक बदल नजरेतून सुटू नये. 'सुजल'चा गाळणथर गावातल्या कारागिराला समजेल असा होता. 'स्वच्छ'मध्ये परिणामकारकता वाढली, पण गाळण बंद नळकांड्यात गेले. ते संपले, की दुकान गाठायचे. दुकानात ते नसेल किंवा त्या महिन्यात पैसे नसतील, तर घर पुन्हा पहिल्या पाण्यावर येते. जेथे नळकांडे वेळेवर बदलले जाईल तेथे हे सुधारलेले रूप उजवे; जेथे तो भरवसा नाही तेथे साधे रूप निकालात काढण्याची घाई झाली, असे मला वाटते. संशोधनाचे मूल्यमापन पहिल्या दिवशीच्या पाण्यावर न करता तीन हजार एकाव्या लिटरवर करावे.

शाळेला यात करण्याजोगे पुष्कळ आहे. हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवले आणि ते काळे पडले, तर विष्ठेतील जिवाणूंची शंका घ्यावी. विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल, तर ऑर्थोटोल्युडिनच्या थेंबांनी येणारा पिवळा रंग उरलेले क्लोरिन दाखवतो. नायट्रेट व फ्लोराइडसाठी नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवावा लागेल. निकाल फळ्यावर लिहावेत आणि मगच मुलांना विचारावे, की या गावाला कोणते गाळण हवे. कदाचित उत्तर निघेल, की गाळण नको, उकिरडा विहिरीपासून दूर हलवायला हवा. तेही संशोधनच.