काळा झगा आणि कफन

मरणावरचे गाणे म्हटले की आपल्याला मर्सिया आठवतो. मर्सियात मृताचे नाव घेतात, त्याचे गुण आळवतात, त्याच्यासाठी अश्रू ढाळतात. इंग्लंडमधील नॉर्थम्प्टनच्या 'बाउहाउस' या चौघांच्या बँडचे 'बेला लुगोसीज डेड' (१९७९) हे गाणेही एका मृताच्या नावाचे आहे. मात्र त्यात अश्रू नाहीत. पंक संगीताचा जोर ओसरल्यावर आलेल्या पोस्ट-पंकमधील 'गॉथिक' धारेचा आरंभ अनेक जण याच गाण्यापासून मानतात.

गाणे नऊ मिनिटांहून मोठे आहे. आधी केविन हॅस्किन्सच्या ड्रमची कोरडी टकटक येते. लय ब्राझीलच्या बोसा नोव्हाची. पण इथे ती रिकाम्या घरातल्या घड्याळासारखी वाटते. मग डेव्हिड जेचा बेस पायरी पायरीने खाली उतरतो. डॅनियल ॲशची गिटार गात नाही, ओरखडते, आणि तिचे प्रतिध्वनी घुमत राहतात. प्रतिध्वनीची ही रीत जमैकाच्या डब संगीतातली. म्हणजे युरोपचा म्हणून ओळखला जाणारा हा अंधार ब्राझील आणि जमैकाच्या सामग्रीवर उभा आहे. गायक पीटर मर्फीचा आवाज यायला जवळजवळ तीन मिनिटे लागतात. तोवर आपण मयताच्या घरी ताटकळल्यासारखे बसून असतो.

त्या मानाने शब्द उणे वाटतात. वटवाघळे, थडगे, नववधूंची रांग हे सारे सिनेमाच्या सेटवरचे सामान आहे. लुगोसी हा माणूस त्यात कुठेच नाही. १८८२ साली तेव्हाच्या हंगेरीतील लुगोस गावी तो जन्मला. गावाचे नावच त्याने आडनाव म्हणून घेतले. अमेरिकेत १९३१च्या 'ड्रॅक्युला' चित्रपटाने त्याला कीर्ती दिली. ज्या परक्या उच्चारांनी तो गाजला, त्याच उच्चारांनी इतर भूमिकांची दारे बंद केली. १९५६ साली तो वारला, तेव्हा कुटुंबीयांनी त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच दफन केले.

आपल्याकडे कफनाला हुद्दा नसतो, वेश नसतो; माणूस सगळे उतरवून जातो. लुगोसीला भूमिका उतरवताच आली नाही. तो मेला आणि तरी मेलेला नाही, असे गाणे पुन्हा पुन्हा बजावते, त्याचा अर्थ आम्ही असा लावतो: माणूस गेला, शिक्का उरला. हिंदी चित्रपटांत नवाब, कव्वाल नाहीतर दहशतवादी एवढ्याच रूपांत स्वतःला पाहत आलेल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पण गाण्याला या अन्यायाची चीड नाही, मौजच अधिक आहे. ही त्याची मर्यादा.

मर्फीने पुढे इस्लाम स्वीकारला आणि १९९०च्या दशकात तो तुर्कस्तानात स्थायिक झाला. म्हणून या गाण्यात सूफी अर्थ शोधण्याचा मोह होईल. तो टाळलेला बरा. तोही एक शिक्काच ठरेल. या गाण्याचे मोल त्याच्या ध्वनीत आहे. शब्द संपतात, तरी ती टकटक थांबत नाही, आणि ज्याच्याबद्दल कुणी काही सांगितले नाही, त्या माणसाची उणीव तिथे जाणवते.