मळलेल्या हातांचीं चित्रें

मुलुंडला आमच्या इमारतींत एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. जन्मभर त्यांनीं हिशेबाच्या वह्या लिहिल्या. पण जीव सारा यंत्रांत. जिन्याखालच्या कोपऱ्यांत त्यांनीं आपला छोटेखानी कारखाना थाटला असून, बंद पडलेले रेडिओ बोलते करावे आणि पितळेचीं चिमुकलीं वाफेचीं इंजिनें बनवावीं, हा त्यांचा व्यासंग. त्यांच्या दिवाणखान्यांत त्यांचें एक छायाचित्र लावलेलें आहे. त्यांत दोन्ही हात कोपरापर्यंत तेलानें काळे झालेले असून मुद्रेवर तृप्ति आहे. येणारा प्रत्येक पाहुणा त्याचें कौतुक करतो. मींही केलें आहे. परंतु श्री. सुधारक ओलवे यांनीं काढलेलीं मुंबईच्या सफाई-कामगारांचीं छायाचित्रें पाहिल्यापासून त्या कौतुकाविषयीं एक शंका माझ्या मनांत घर करून बसली आहे. हौसेनें मळलेला हात आपण भिंतीवर टांगतों; पोटासाठीं मळलेला हात रोज सकाळीं आपल्या दाराशीं येतो, पण त्या माणसाचा चेहरा आपणांस आठवत नाहीं. असें कां व्हावें?

मुंबईंतील जनसमूहांचीं चित्रें टिपण्याची परंपरा जुनी आहे. विल्यम जॉन्सन यांचा येथील जातिजमातींवरील सचित्र ग्रंथ १८६३ व १८६६ सालीं दोन खंडांत लंडन येथें प्रसिद्ध झाला. त्याची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. माणसांचे गट एके ठिकाणीं टिपावयाचे आणि त्यांच्या आकृति दुसऱ्याच स्थळाच्या देखाव्यावर बसवावयाच्या! पागोटें, अंगरखा, दागिने सारें यथास्थित. परंतु माणूस आपल्या जागेवरून उचलला गेला आणि जातीचा नमुना तेवढा मागें राहिला.

ओलवे यांची वाट याच्या नेमकी उलट आहे. १९६६ सालीं अकोल्यास जन्मलेल्या या छायाचित्रकारानें १९८८ पासून मुंबईंतील वृत्तपत्रांसाठीं काम केलें; २०१६ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. ‘इन सर्च ऑफ डिग्निटी अँड जस्टिस’ या त्यांच्या कृष्णधवल संग्रहांत कामगार आपल्या जागीं आहे, आणि ती जागा पाहणें हेंच आपणांस जड जातें. ती केवळ कचऱ्याच्या ढिगाशीं संपत नाहीं. कामगाराची खोली महानगरपालिकेच्या नोकरीशीं बांधलेली. नोकरी सुटली कीं छप्पर सुटतें. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळें वारसास नोकरी मिळते. ही तरतूद आधाराची खरी, पण त्याच आधारानें बापाचा झाडू मुलाच्या हातीं येतो. हें सारें ठाऊक ठेवून हीं चित्रें पाहिलीं, म्हणजे त्यांतील शीण एका दिवसाचा वाटत नाहीं.

तथापि गुणाबरोबर दोषही सांगणें हें समीक्षकाचें कर्तव्य आहे. गडद सावल्यांच्या या चित्रांपुढें प्रेक्षकाचें मन करुणेनें भरून येतें, आणि करुणा ही फार सोयीची भावना आहे. ती घेऊन मनुष्य सुखानें घरीं जातो. जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट सँडर यांनीं १९२८ सालीं खांद्यावरील फळीवर विटांची चळत घेतलेला एक बिगारी टिपला. तो आपल्याकडे सरळ पाहतो. त्याची कींव करण्याचें धाडस आपणांस होत नाहीं. ओझें पेलण्याचें त्याचें कसब आधीं दिसतें. सफाईच्या कामांतही कसब असतें. त्याचें दर्शन या संग्रहांत अधिक घडतें तर मला अधिक समाधान वाटतें.

मात्र हा आक्षेप लिहून झाल्यावर माझाच हात थबकला. सँडर यांच्या बिगाऱ्याच्या विटांना विटाळ चिकटलेला नव्हता. ज्या कामास माणसाला लावण्यासच २०१३ च्या कायद्यानें बंदी केली, आणि तरीही ज्यापायीं गटारांत गुदमरून माणसें मरतात, त्या कामांतील कसबाचा गौरव करावा तरी कसा? कसबाचें कौतुक करतां करतां आपण त्या कामाचेंच समर्थन करूं लागूं, ही भीति खोटी नाहीं. ओलवे यांनीं तो मोह टाळला असेल, तर तो त्यांचा विवेकच म्हटला पाहिजे.

परवां आमच्या त्या यंत्रप्रेमी शेजाऱ्यांस मीं हीं चित्रें दाखविलीं. ते हळहळतील, अशी माझी अपेक्षा होती. उघड्या हातांच्या एका चित्रापाशीं ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, “अहो प्रोफेसर, याला हातमोजे कां दिलेले नाहींत? आणि हें काम यंत्रानें कां होत नाहीं?” मीं एवढें पानभर लिहिलें, पण हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. वाचकांनीं हा संग्रह घरांतील मुलांसह अवश्य पाहावा. आणि मुलांनीं असे प्रश्न विचारल्यास “हें असेंच चालतें” एवढ्यावर त्यांची बोळवण करूं नये.