'हेलबॉय' चित्रकथाविश्वाचा वाचनक्रम : कथाकाल आणि प्रकाशनकाल यांची चिकित्सा

प्रस्तावना

एखादी साहित्यकृती कोठून वाचावयास प्रारंभ करावा, हा प्रश्न कादंबरीच्या वाचकास सहसा पडत नाही. पहिले पान हाच तिचा आरंभ असतो. तथापि अनेक मालिका, लघुकथा आणि उपमालिका यांचे परस्परांत गुंतलेले जाळे जेथे निर्माण होते, तेथे 'पहिले पान' ही कल्पनाच संदिग्ध होते. माइक मिन्योला या अमेरिकन चित्रकाराने निर्माण केलेले 'हेलबॉय' हे अशा जाळ्याचे ठळक उदाहरण होय. इंग्रजी समीक्षेत 'डार्क फॅण्टसी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारास प्रस्तुत लेखात 'भयाद्भुत चित्रकथा' असे संबोधले आहे. कारण भयानक आणि अद्भुत या दोन्ही रसांचा तीत संयोग आढळतो.

मराठी वाचकाचा चित्रकथेशी परिचय प्रामुख्याने 'अमर चित्रकथा' किंवा इंद्रजाल कॉमिक्समधील 'वेताळ' यांच्याद्वारे झाला. त्यांतील बहुतेक कथा स्वयंपूर्ण असल्याने कोणताही अंक आधी वाचला तरी फारसे बिघडत नसे. 'हेलबॉय'च्या बाबतीत मात्र क्रम बदलताच अर्थही बदलतो. म्हणूनच वाचनक्रमाचा प्रश्न केवळ ग्राहकाच्या सोयीचा नसून तो समीक्षेचा प्रश्न आहे, असे सदर लेखाचे प्रतिपादन आहे.

कथाविश्वाचे स्वरूप

डिसेंबर 1944 मध्ये नाझींच्या एका गुप्त प्रयोगात रासपुतिन हा मांत्रिक एका दैत्यशिशूस पृथ्वीवर आणतो. प्राध्यापक ट्रेव्हर ब्रुटेनहोम त्याचे संगोपन करतात. पुढे हाच हेलबॉय 'बी.पी.आर.डी.' या संशोधन-संरक्षण विभागात अतिमानवी संकटांशी झुंजतो. जगाचा विनाश घडवून आणण्यासाठी जन्मलेला जीव त्या नियतीस नकार देऊ शकतो काय, हे या कथाविश्वाचे मध्यवर्ती सूत्र होय.

'सीड ऑफ डिस्ट्रक्शन' ही पहिली मालिका 1994 साली डार्क हॉर्स या प्रकाशनसंस्थेने काढली. तिचे संवादलेखन जॉन बर्न यांचे होते. 'वेक द डेव्हिल' (1996) आणि 'काँकरर वर्म' (2001) यांनंतर विभागाची स्वतंत्र मालिका सुरू झाली. 'प्लेग ऑफ फ्रॉग्ज', 'हेल ऑन अर्थ' व 'द डेव्हिल यू नो' अशा तीन पर्वांतून ती 2019 पर्यंत चालली. दरम्यान 1930 च्या दशकातील 'लॉबस्टर जॉन्सन', व्हिक्टोरियन काळातील 'विचफाइंडर' आणि 1952 पासूनच्या पूर्वकथा अशा शाखा फुटल्या. म्हणजेच कथाविश्व पुढे वाढत असतानाच ते मागेही वाढत गेले.

कथाकालानुसारी क्रम : आकर्षण आणि मर्यादा

घटना ज्या काळात घडल्या त्या काळानुसार वाचन करावे, हा पहिला पर्याय. 2018 साली निघालेल्या बृहत्खंडांनी या पर्यायास अधिकृत रूप दिले. चार खंडांत मुख्य कथा आणि दोन खंडांत लघुकथा, अशी ती कालानुक्रमे रचना आहे. तिचा लाभ निर्विवाद आहे. उदाहरणार्थ, 'सीड ऑफ डिस्ट्रक्शन'मध्ये ब्रुटेनहोम यांचा मृत्यू इतक्या लवकर होतो की वाचकास त्यांच्याविषयी ममत्व वाटण्यास अवधीच मिळत नाही. पूर्वकथा आधी वाचलेल्या वाचकास हाच मृत्यू पित्याचा मृत्यू म्हणून जाणवतो.

परंतु रशियन रूपवाद्यांनी घटनांचा नैसर्गिक क्रम आणि त्यांची कलात्मक मांडणी यांत जो भेद केला, तो येथे विसरता येत नाही. 'पॅनकेक्स' (1999) ही अवघ्या दोन पानांची कथा पाहावी. 1947 साली बाल हेलबॉय प्रथमच पॅनकेक खातो आणि त्यामुळे नरकात आकांत माजतो. आता हा आपल्याकडे परतणार नाही, हे तेथील अधिपतींना उमगते. हेलबॉयची नियती ठाऊक असलेल्या वाचकास हा विनोद हसवतो आणि हेलावूनही टाकतो. कालानुक्रमे वाचणाऱ्यास मात्र ही कथा अगदी आरंभी भेटते आणि ती निव्वळ गंमत ठरते. कथा तीच, चित्रे तीच. केवळ स्थान बदलल्याने तिचा प्राण हरपतो.

याहून गंभीर आक्षेप असा की, कथाकालानुसारी क्रम नियतीला आधीच सिद्ध मानतो. प्रकाशनक्रमात हेलबॉयला स्वतःविषयी जे कळते ते वाचकालाही जवळपास त्याच वेळी कळते. 'वेक द डेव्हिल'मध्ये तो स्वतःची वाढलेली शिंगे मोडून टाकतो, तेव्हा तो निर्णय आपल्यासमक्ष घेतला जात आहे असे वाटते. सर्व पूर्वकथा आधी वाचल्यास तोच प्रसंग जीवनचरित्रातील एक नोंद होऊन बसतो.

आपल्या परंपरेसही हा भेद अपरिचित नाही. महाभारताच्या आदिपर्वात मुख्य कथा सुरू होण्यापूर्वीच धृतराष्ट्राच्या विलापातून युद्धाचा शेवट श्रोत्यास कळतो. कथन हे घटनाक्रमाचे बांधील नसते, ही जाण त्या रचनेमागे आहे. सर्व उपाख्याने कालानुक्रमे लावून महाभारत वाचल्यास वंशावळ हाती लागेल, महाकाव्य लागणार नाही.

शाखानिहाय क्रम आणि त्याचा दोष

दुसरा पर्याय एकेक शाखा सलग संपविण्याचा. ग्रंथालयांतून खंड एकेका शीर्षकाखाली लावले जात असल्याने हा क्रम नकळत स्वीकारला जातो. त्याचा दोष रॉजर या कृत्रिम मानवाच्या कथेतून स्पष्ट होतो. 'वेक द डेव्हिल'मध्ये तो प्रथम दिसतो. 'काँकरर वर्म'मध्ये विभागाने त्याच्या देहात स्फोटक बसविल्याचे कळल्याने हेलबॉय विभागाचा त्याग करतो. रॉजरचा अंत मात्र हेलबॉयच्या मालिकेत नव्हे, तर विभागाच्या मालिकेत, 'प्लेग ऑफ फ्रॉग्ज' पर्वात होतो. केवळ हेलबॉयची शाखा वाचणाऱ्यास तो अंत कळतच नाही. केवळ विभागाची शाखा वाचणाऱ्यास तो कळतो. पण याच रॉजरसाठी एकाने आपले घर सोडले होते, हे ठाऊक नसल्याने तो मृत्यू अर्धाच उरतो. जो जीव सर्वांच्या दृष्टीने दुय्यम, त्याच्याशी न्यायाने वागणे ही या कथाविश्वाची नैतिक कसोटी आहे; आणि शाखानिहाय वाचनात नेमकी तीच निसटते.

प्रस्तावित वाचनक्रम

वरील विवेचनाच्या अनुषंगाने पुढील क्रम सुचवावासा वाटतो. प्रकाशनक्रम हा त्याचा कणा असून गरजेपुरताच त्यात बदल केला आहे.

पहिला टप्पा : 'सीड ऑफ डिस्ट्रक्शन'पासून 'काँकरर वर्म'पर्यंतचा भाग, दरम्यानच्या लघुकथांसह. या लघुकथा गाळू नयेत. 'द कॉर्प्स' या आयर्लंडमधील 1959 सालच्या कथेत ग्रूअगाख नावाचा बदली बालक गमतीदार रीतीने फजित होतो. पुढे 'द वाइल्ड हंट'मध्ये (2008-09) त्याच अपमानाचा सूड साऱ्या जगावर अरिष्ट आणतो. 'लॉबस्टर जॉन्सन'ची स्वतंत्र मालिका या टप्प्यानंतरच घ्यावी. कारण 'काँकरर वर्म'मधील त्याचे गूढ आधी उकलणे उचित नव्हे.

दुसरा टप्पा : 'प्लेग ऑफ फ्रॉग्ज' पर्व आणि 'स्ट्रेंज प्लेसेस' ते 'द वाइल्ड हंट' हा हेलबॉयचा प्रवास आलटून पालटून वाचावा. यातच '1946' (2008) हा खंड घ्यावा. त्यात बालिकेच्या रूपात अवतरणारी वारवारा ही दैत्यशक्ती अखेरच्या पर्वात निर्णायक ठरते.

तिसरा टप्पा : हेलबॉयच्या मृत्यूशी थांबणारी 'द स्टॉर्म' व 'द फ्यूरी' (2010-11), त्यानंतर 'विचफाइंडर'चा पहिला खंड आणि मग मिन्योला यांनी स्वतः चितारलेली 'हेलबॉय इन हेल' (2012-16). सर एडवर्ड ग्रे यांची ओळख आधी असल्यास नरकातील त्यांची भेट अर्थपूर्ण होते.

चौथा टप्पा : 'हेल ऑन अर्थ' आणि 'द डेव्हिल यू नो'. सर्वांत शेवटी 1952 पासूनच्या पूर्वकथा. शेवट ठाऊक असताना त्या वाचल्या की हेलबॉयच्या तरुणपणीच्या प्रत्येक लहानशा विजयावर करुणेची छाया पडते.

या क्रमातही एक उणीव राहते. ब्रुटेनहोम यांचा मृत्यू आरंभी उपराच वाटतो. परंतु पूर्वकथांत ते पुन्हा भेटतात, तेव्हा गमावलेल्या माणसाची ओळख नंतर पटण्याचा जो अनुभव येतो, तो प्रत्यक्ष जीवनाच्या अधिक जवळचा आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

निष्कर्ष

कालानुक्रम कथाविश्वाविषयी माहिती देतो. प्रकाशनक्रम त्याचा अनुभव देतो. शाखानिहाय क्रम यांपैकी काहीच पूर्णपणे देत नाही. नियती आणि निवड यांतील संघर्ष हाच ज्या कृतीचा विषय, ती वाचताना निवडीचा क्षण वाचकासमोर उघडा राहणे अगत्याचे आहे. महाविद्यालयांतून चित्रकथा अभ्यासाचा विषय होऊ पाहत असताना 'कोणती कृती' एवढेच ठरवून भागणार नाही. ती कोणत्या क्रमाने विद्यार्थ्याच्या हाती द्यावयाची, याचाही अभ्यासक्रमाने आणि ग्रंथालयाने तितक्याच गांभीर्याने विचार करावयास हवा.