बोबड्या बोलांची रंगभूमी

बालनाट्य म्हटले की राजा, राक्षस, चेटकीण आणि अखेरीस सत्याचा विजय असा कथाभाग आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु ज्या मुलाने अद्याप शाळेचा उंबरठा ओलांडलेला नाही, कथेचा धागा ज्याच्या हाती फार वेळ टिकत नाही, त्याच्यासाठी रंगभूमी असू शकते काय? ऑस्ट्रेलियातील 'द विगल्स' या वृंदाचे संगीत प्रयोग या प्रश्नाचे उत्तर देतात.

हा वृंद १९९१ साली सिडनीत स्थापन झाला. अँथनी फील्ड, मरे कुक व ग्रेग पेज हे मॅक्वारी विद्यापीठात बालशिक्षणाचे विद्यार्थी होते. जेफ फॅट हे पूर्वी फील्ड यांच्यासमवेत 'द कॉकरोचेस' या वाद्यवृंदात होते. निळा, तांबडा, पिवळा, जांभळा असा प्रत्येकाचा एकेक रंग ठरलेला. ज्याला नाव उच्चारता येत नाही, ते मूलही रंगावरून माणूस ओळखते. २०१२ च्या अखेरीस फील्ड वगळता मूळचे तिघे निवृत्त झाले. रंग मात्र राहिले.

या प्रयोगांत कथानक नाममात्रच. छोटी गाणी, हातवारे आणि डोरथी नावाची डायनोसॉर. जेफ मध्येच झोपी जात आणि त्यांना उठविण्यासाठी सारे सभागृह ओरडे. वरवर हा पोरखेळ वाटेल. परंतु दिवसभर 'आता झोप' हेच ऐकणाऱ्या बालकाला येथे मोठ्या माणसाला जागे करण्याचा अधिकार लाभतो. डोरथीसाठी मुले गुलाबाची फुले आणतात. ती केवळ पाहावयास नव्हे, तर काही द्यावयासही येतात. प्रेक्षकाचा याहून मोठा सन्मान कोणता?

तथापि दोन उणिवा आम्हांस जाणवतात. येथील आनंद अखंड वरच्या पट्टीत गातो. शांततेला वा हुरहुरीला त्यात फारसा अवकाश नाही. दुसरे म्हणजे, या पात्रांच्या नावाने खेळण्यांचा व कपड्यांचा बाजार भरतो. जिव्हाळा कोठे संपतो आणि विक्री कोठे सुरू होते, हे तीन वर्षांच्या मुलाला कसे उमगावे? तो विवेक पालकांनीच बाळगावयास हवा.

या रंगभूमीचे खरे यश आम्ही टाळ्यांवरून मोजणार नाही. मुलाला मांडीवर घेऊन बसलेले आईवडील संकोच सोडून त्याच्यासवे हात नाचवू लागले आणि घरी परतल्यावरही गात राहिले, तरच प्रयोग रंगला, असे आम्ही म्हणू.