नावाचा धनी कोण?

खेळाच्या मंडळांचे इतिहास वाङ्मयविचाराच्या कक्षेत सहसा येत नाहीत. ते महोत्सवाच्या निमित्ताने छापले जातात, देणगीदारांच्या छायाचित्रांसह बांधले जातात आणि समारंभ आटोपला म्हणजे कपाटात धूळ खात पडतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. अमुक साली स्थापना, अमुक साली चषक, अमुक साली उतरती कळा आणि शेवटी पुनश्च उत्कर्षाची आशा. आपल्या जुन्या बखरींत राज्यारोहणे व लढाया यांच्या गर्दीत रयतेला जसा फारसा प्रवेश नसे, तसा ह्या इतिहासांत प्रेक्षकाला नसतो. 'मैदान तुडुंब भरले होते' एवढ्या शब्दांवर त्याची बोळवण होते. पराक्रम करणारे अकरा, पैसा पुरवणारा एक, आणि बाकी सारा जमाव!

हा साचा किती अपुरा आहे, हे मोठ्या व विजयी क्लबांच्या इतिहासात ध्यानात येत नाही. तेथे चषकांची झळाळी सर्व उणिवा झाकून टाकते. तो उघडा पडतो खालच्या वर्गांत खेळणाऱ्या लहान क्लबांच्या बाबतीत. अशा एका क्लबाचा इतिहास आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत. तो इस्राएलमधील, जेरुसलेम शहरातला आहे. 'हापोएल कातामोन' हे त्याचे नाव. आमच्या मते त्याच्या इतिहासातील मुख्य प्रश्न जयापजयाचा नसून नावाचा आहे. नाव कोणाचे? ते ज्याच्या दप्तरी नोंदले आहे त्याचे, की जे त्याच्या हाका मारतात त्यांचे?

त्या देशात फुटबॉल-क्लबांची नावे केवळ शोभेची नाहीत, हे प्रथम सांगितले पाहिजे. 'हापोएल' म्हणजे कामगार. १९२६ साली स्थापन झालेली त्या नावाची क्रीडासंघटना हिस्ताद्रुत ह्या बलाढ्य कामगारसंघाची शाखा होती. 'मक्काबी' हे नाव प्राचीन हास्मोनी वीरांवरून आले. 'बेतार' ही झाबोटिन्स्कीच्या उजव्या पक्षाची युवकसंघटना. तिचे नाव धारण करणारा जेरुसलेमचा क्लब १९३६ सालचा. अशा रीतीने कोणाचा क्लब कोणता, यावरून घरातले राजकारण ओळखावे, अशी तेथील एके काळची स्थिती. पुढे हिस्ताद्रुतचे बळ ओसरले आणि १९९० नंतरच्या दशकात एकामागून एक क्लब खाजगी मालकांच्या हाती गेले. 'कामगार' हे नाव पाटीवर राहिले. पाटी मात्र मालकाच्या मालमत्तेत जमा झाली.

जेरुसलेमच्या हापोएल क्लबाची गोष्ट हीच. त्याची स्थापनाही १९२६ ची. राष्ट्रीय चषक त्याने एकदाच, १९७३ साली, हापोएल तेल अवीवला हरवून जिंकला; देशाचे अजिंक्यपद कधीच नाही. म्हणजे नेहमीच्या साच्यात घालू गेल्यास पुरते एक पानही भरणार नाही असा हा इतिहास. ह्याच क्लबाच्या प्रेक्षकांनी, खाजगी मालकांच्या कारभाराला विटून, क्लब विकत घेण्याची खटपट केली. ती फसली तेव्हा २००७ साली त्यांनी आपला स्वतंत्र क्लब काढला. सभासदांनी वार्षिक वर्गणी द्यावी, कार्यकारी मंडळ मतांनी निवडावे, नफा कोणाच्याही खिशात जाऊ नये, ही त्याची घटना. इस्राएलमध्ये प्रेक्षकांच्या मालकीचा हा पहिलाच क्लब. जुने नाव कायद्याने त्यांचे नव्हते. म्हणून ज्या कातामोन भागातील मैदानावर हापोएल कित्येक वर्षे खेळला होता, त्या भागाचे नाव त्यांनी घेतले. ते मैदानही तोवर नाहीसे होऊन तेथे इमारती उभ्या राहिल्या होत्या. नाव गेले, मैदान गेले. उरली ती आठवण, आणि तिचीच त्यांनी पाटी केली.

पहिले दोन हंगाम त्यांनी शहराजवळच्या मेवासेरेत सियोन येथील क्लबाशी भागी करून काढले. ती मोडल्यावर २००९ साली त्यांनी अगदी तळच्या वर्गातून आरंभ केला. इस्राएलमधील खालच्या वर्गांना हिब्रू वर्णमालेतील अक्षरांची नावे आहेत: तिसरा वर्ग 'अलेफ', चौथा 'बेत', पाचवा 'गिमेल'. तेव्हा ही मंडळी वर्णमाला उलटी गिरवीत वर चढू लागली, असे म्हणण्यास हरकत नाही. २०१३ साली ते दुसऱ्या वर्गात पोचले. मग घसरले, पुन्हा चढले. ह्याच काळात त्यांनी शहरातील निरनिराळ्या वस्त्यांतील ज्यू व अरब मुलांची एक 'वस्त्यांची लीग' चालवली, हेही नोंदले पाहिजे. इकडे जुना क्लब खालावत गेला. शेवटी २०२० साली त्याचे नाव कातामोनकडे आले. तेव्हापासून हा क्लब 'हापोएल जेरुसलेम' म्हणून खेळू लागला आणि २०२१ साली देशाच्या सर्वोच्च वर्गात गेला.

येथे साचेबंद इतिहासकाराची पंचाईत होते. २०२० नंतरच्या क्लबाची स्थापना कोणत्या साली लिहावी? १९२६ लिहिल्यास मधली तेरा वर्षे, म्हणजे ज्या काळात हेच लोक स्वतःच्या जुन्या क्लबाच्या समोर उभे राहिले ती वर्षे, पुसली जातात. २००७ लिहिल्यास १९७३ चा चषक जिंकला तेव्हा गॅलरीत बसलेला पोरगा आणि २००९ साली गिमेल वर्गाच्या उखडलेल्या मैदानाच्या कडेला उभा असलेला प्रौढ, हा एकच माणूस असू शकतो, ह्याचा पत्ता लागत नाही. सोयीची वाट ही की जुने साल घ्यावे, जुना चषक घ्यावा आणि मधला सांधा दिसू नये असा गुळगुळीत मजकूर तयार करावा. आम्ही ह्या वाटेचा निषेध करतो. दत्तक घेतलेल्या मुलाची वंशावळ लिहिताना दत्तविधान गाळले तर वारसा बळकट होत नाही, उलट संशयास्पद होतो. येथे तर सांधा हाच क्लबाचा खरा पराक्रम आहे. तो लपवणारा इतिहासकार आपल्या नायकाची सर्वांत मोठी लढाईच गाळतो.

यावर कोणी म्हणेल की, प्रेक्षकांस नायक केल्याने काय साधले? राजाच्या बखरीऐवजी रयतेची बखर झाली. स्तुती ती स्तुतीच. हा आक्षेप आम्हांस बिनतोड नसला तरी वजनदार वाटतो. लोकांच्या क्लबाची गोष्ट सांगताना सर्व दुष्टावा मालकाच्या पदरी व सर्व पुण्याई वर्गणीदारांच्या पदरी बांधण्याचा मोह अनावर असतो. वस्तुतः गिमेल वर्गात वर्गणीवर भागणारा संसार वरच्या वर्गांत भागत नाही. तेथे वेतने, प्रवास, मैदानाचे भाडे यांचा बोजा वाढतो, आणि मतदान करणाऱ्या सभासदालाही पैसेवाल्याची मनधरणी करण्याची पाळी येते. वर चढणे हे यश, आणि वर चढल्याने घटनेवर पडणारा ताण ही त्या यशाची किंमत. दोन्ही आकडे एकाच पानावर मांडील तोच इतिहास विश्वसनीय. ही झाली पहिली कसोटी.

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे, आणि ती त्या नावातच दडलेली आहे. कातामोन हे कोणत्या आठवणीचे नाव? क्लबाच्या प्रेक्षकांना ते मैदानाचे वाटले, आणि त्यांच्यापुरते ते खरेच होते. परंतु १९४८ पूर्वी कातामोन ही सुस्थितीतील अरबांची, त्यांतही बहुतांशी ख्रिस्ती अरबांची, वस्ती होती. त्या वर्षीच्या जानेवारीत तेथील सेमिरामिस हॉटेल हगाना ह्या ज्यू लढाऊ संघटनेने सुरुंगाने उडवले. एप्रिलच्या अखेरीस सारी वस्तीच तिच्या हाती पडली. अरबी गद्यलेखक व शिक्षणतज्ज्ञ खलील सकाकिनी त्याच दिवसांत सहकुटुंब घर सोडून गेला. त्याचा प्रिय ग्रंथसंग्रह मागेच राहिला. तो १९५३ साली कैरो येथे वारला. रिकाम्या घरांत ज्यू निर्वासित व नवागत येऊन राहिले, त्यांत जुन्या शहराच्या ज्यू वस्तीतून हुसकले गेलेले लोकही होते. पुढे शेजारी नवागतांसाठी चाळवजा इमारती उठल्या. सरकारने ह्या भागाला 'गोनेन' असे हिब्रू नाव दिले. लोकांनी ते मानले नाही आणि कातामोनच म्हणत राहिले.

गादा कर्मी ह्या लेखिकेचे 'इन सर्च ऑफ फातिमा' हे आत्मचरित्र (२००२) ह्याच वस्तीतल्या बालपणापासून सुरू होते. तिचे कुटुंब १९४८ च्या एप्रिलमध्ये घर सोडून निघाले, तेव्हा ती लहान मुलगी होती. त्या ग्रंथात कातामोन म्हणजे कुलूप घातलेले घर. क्लबाच्या प्रेक्षकांच्या तोंडी कातामोन म्हणजे बुजलेले मैदान. दोघेही एकाच नावाने हरवलेली वस्तू बोलावतात. फुटबॉल पाहणाऱ्या माणसाने तिकीट काढताना १९४८ चा जाब द्यावा, असे आमचे म्हणणे नाही, आणि दोन्ही हानी एका मापाच्या आहेत असे तर मुळीच नाही. परंतु जो क्लब 'नाव स्मरण ठेवणाऱ्यांचे असते' ह्या तत्त्वावर जन्मला, त्याच्या इतिहासकाराला ह्या नावाचे दुसरे स्मरणकर्ते टाळता येणार नाहीत. त्यांना टाळले तर तत्त्व खोटे पडते. त्यांचे एक प्रकरण लिहिले तर तेच तत्त्व अधिक भक्कम होते.

तुलनेसाठी त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबाकडे पाहावे. २०१६ साली माया झिनश्टाइन हिचा 'फॉरेव्हर प्युअर' हा चित्रपट आला. बेतार जेरुसलेमच्या मालकाने जानेवारी २०१३ मध्ये चेचन्यातील दोन मुसलमान खेळाडू आणले. प्रेक्षकांतील एका टोळीने 'बेतार सदैव शुद्ध' असा फलक झळकवला. क्लबाच्या कचेरीला आग लावण्यात आली. त्या दोघांपैकी एकाने गोल केला तेव्हा आपल्याच संघाच्या गोलावर शेकडो लोक उठून चालते झाले. चित्रपट हे सर्व निर्भयपणे दाखवतो, आणि प्रेक्षक हा केवळ पार्श्वभूमी नसून कर्ता आहे हे त्यात लख्ख दिसते. मात्र तेथील कर्तृत्व भयंकर आहे. लोकांच्या हाती नाव आले की सर्व शुभ होते, असे मानणाऱ्यांस हे चांगले औषध होय. नावाचे धनी आम्हीच, असे ती टोळीही म्हणत होती.

तथापि चित्रपटाचा भर एका हंगामावर असल्यामुळे, त्या टोळीचा वीट येऊन दूर झालेल्या प्रेक्षकांची कथा त्याचा विषय होत नाही. २०१४ साली अशा लोकांनी 'बेतार नॉर्डिया' नावाचा क्लब काढला आणि तोही गिमेल वर्गातून खेळू लागला. ब्रिटिश अमदानीत बेतार नावावर बंदी आली तेव्हा जुना क्लब नॉर्डिया ह्या नावाने खेळला होता. तेच नाव त्यांनी उचलले. ते माक्स नॉर्डाऊवरून आलेले. 'डिजनरेशन'चा कर्ता म्हणून हा टीकाकार आपल्या जुन्या वाचकांच्या परिचयाचा आहे. त्यानेच १८९८ च्या बाझल येथील झायनिस्ट परिषदेत ज्यूंनी शरीरबळ कमवावे असा पुकारा केला होता. म्हणजे येथेही मालकीचा वाद जुन्या नावाच्या आश्रयानेच लढला गेला. फरक एवढाच की टोळीने नाव घेतले ते दुसऱ्यांना बाहेर ठेवण्यासाठी, आणि नॉर्डियावाल्यांनी घेतले ते ह्या बहिष्काराचा भागीदार न होण्यासाठी.

तेव्हा आमचा निर्णय असा की, नाव दप्तराचे नव्हे आणि केवळ हाका मारणाऱ्यांचेही नव्हे. ते त्याची जबाबदारी घेणाऱ्यांचे. कातामोनच्या प्रेक्षकांनी वर्गणी देऊन, तळच्या वर्गात उभे राहून, अरब व ज्यू मुलांना एका चेंडूमागे धावायला लावून ह्या जबाबदारीचा मोठा वाटा उचलला, आणि त्यासाठी त्यांचा इतिहास विजयांच्या कोष्टकाहून पुष्कळ चांगल्या लेखणीस पात्र आहे. त्या लेखणीने २००७ ते २०२० हा सांधा उघडा ठेवावा, जमाखर्च लपवू नये, आणि पहिल्या पानावर जेथे स्थापनेचे साल छापतात तेथे कातामोन हे नाव क्लबाच्या आधी कोणाचे होते हेही छापावे.